पाणी जातं तिथं आपणही जाऊ या

(तानसा परिसरातील तरुण आणि पालकांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मी संगणक अभियंता. कलेवर हा काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. कारण सांगतो. मागच्या बैठकीत दहावीतल्या एका मुलीने मला विचारलं, "दादा, मला चित्रकला शिकायचीय. घरचे म्हणतात, त्यात पोट भरत नाही आणि आपल्यात ते चालतही नाही. काय करू?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

आपल्या तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. ते नेणाऱ्या महापालिकेचंच एक संग्रहालय भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे जुन्या मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. राजे-महाराजे नव्हेत, साधी माणसं. आटगावला लोकल पकडायची, भायखळ्याला उतरायचं. पण इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी ते पाहिलंय?

तीच लोकल पुढे सीएसएमटीला जाते. स्टेशनजवळच जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांतून ते १८५७ मध्ये सुरू झालं. सय्यद हैदर रझा, तय्यब मेहता, अकबर पदमसी तिथेच शिकले. पंढरपूरला जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. १९४७ मध्ये हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. यातले आरा घरकाम करत, मोटारी धुवत चित्रकार झाले. कोण कुठल्या धर्माचा, हा त्या गटाचा प्रश्नच नव्हता.

काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला आहे. आत अकबराच्या काळातली 'अन्वार-ए-सुहैली'ची सचित्र पोथी आहे. पंचतंत्राच्याच गोष्टी, फारसीत आलेल्या. आपला वारसा कुठला आणि त्यांचा कुठला, हे त्या पोथीसमोर उभं राहून वेगळं करून दाखवा.

आता "चालत नाही" याबद्दल. सजीवांची चित्रं काढावीत की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. ते मी लपवत नाही. ज्याला पटत नाही त्याने काढू नयेत. पण कापडावरची नक्षी, मातीची भांडी, अक्षरांची रचना, घराची अंतर्गत सजावट हेही कलाशिक्षणच आहे. आणि अकबराच्याच चित्रशाळेत दसवंत नावाचा चित्रकार होता. पालखी वाहणाऱ्याचा मुलगा, भिंतींवर चित्रं काढत बसायचा. बादशहाने त्याला ख्वाजा अब्दुस्समद यांच्याकडे शिकायला ठेवलं. भिंतीवर काढणाऱ्यांची आपल्याकडे काय कमी आहे? वारली बाया लग्नाचा चौक पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवरच लिहीत आल्या. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हशे यांना त्याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

पोटाचं म्हणाल, तर मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवणारे डिझायनर आमच्या शेजारी बसून काम करतात. त्यांच्याशिवाय आमचं काम पुढे सरकत नाही. सगळ्यांना नोकरी मिळेल असं मी म्हणत नाही. अभियंत्यांनाही ती सगळ्यांना मिळत नाही.

म्हणून तीन कामं सुचवतो. एक, आपल्या शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना मुलं बसवायची, मुलींसह. दोन, दिवाळीच्या सुट्टीत पालकांना बरोबर घेऊन एक सहल काढायची. नकार बहुतेकदा न पाहिलेल्या गोष्टीला असतो. तीन, महापालिकेला लेखी मागणी करायची की तलावाकाठच्या गावांतल्या मुलांना तिने वर्षातून एकदा स्वतःच्या खर्चाने संग्रहालय दाखवावं. काळा घोड्याच्या संग्रहालयाची २०१५ पासून फिरती बस आहे, तीही इकडे बोलवायची. ही भीक नव्हे. उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर येतो आणि आपल्या तलावाचं पाणी शहराला जातं. एवढं मागायचा हक्क आपला आहे.

त्या मुलीला माझं उत्तर असं: तू परीक्षेचा अर्ज भर. घरच्यांशी बोलायला मी येतो, आणि इथले आणखी दोघं-तिघं माझ्याबरोबर येतील. कोण येणार, तेवढं आज जाण्यापूर्वी सांगा.