परसातला चवीचा भोपळा

दादरा-नगर हवेलीतलं वासोणा म्हटलं की बाहेरच्या माणसाला सिंहांची सफारी आठवते. आज बोलायचंय ते इथल्या कुडांवर आणि छपरांवर चढणाऱ्या तांबड्या भोपळ्याविषयी.

बी घेताना आपण पाकिटावरचं चित्र बघतो आणि सर्वांत मोठा भोपळा निवडतो. चार माणसांच्या घरात तो संपतो कधी? शिवाय मोठा म्हणजे गोड, असं काही नाही. पाणचट भोपळ्याचे घारगे करून बघा. कीस शिजताना पाणी सुटतं, मग कणीक वाढवावी लागते, आणि शेवटी खायला मिळतो तो गूळ. भोपळा कुठेच लागत नाही.

घरासाठी लहान फळाची जात घ्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का चंदन’ दोन-तीन किलोंचा, गर जाड आणि केशरी. त्याच संस्थेचा ‘अर्का सूर्यमुखी’ त्याहून लहान, मांडवाला पेलणारा. हल्ली गच्चीवर झुकिनी लावतात. हौस असेल तर थंडीत लावा, आपल्या पावसात ती कुजते.

पण माझं मत विचाराल तर पहिला मान गावठी बियाण्याला. बाजारात भोपळा फोडी करून विकतात, ही चाखून बी निवडायची मोठी सोय. गर गडद, घट्ट, आणि सालीवर नख रुतत नाही, अशी फोड घ्या. भाजी आवडली तर बी धुऊन सावलीत वाळवा. संकरित वाणाचं बी मात्र ठेवू नका, पुढच्या वर्षी तेच फळ येत नाही. गावठीतही शेजारच्या वेलाचा पराग मधमाशी आणतेच. म्हणून मादी फुलाची कळी, जिच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो ती, आणि एक नर कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधा. सकाळी नराचा पराग मादीला लावून तिला पुन्हा बांधा. त्या फळाचं बी खात्रीचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती अशीच गावठी बियाणी जपल्याबद्दल.

जाता जाता सांगतो, तांबडा भोपळा मूळचा अमेरिकेचा, युरोपीय जहाजांबरोबर इकडे आला. वारल्यांच्या तारपा या वाद्याला लागतो तो दुधी मात्र आपल्याकडे फार जुना.

आता काढणी. निम्मी चव इथेच जाते. देठ सुकून खडबडीत झाल्याशिवाय भोपळा तोडू नका. तोडताना चार बोटं देठ राहू द्या आणि फळ तीन-चार आठवडे हवेशीर जागी ठेवा. या काळात गरातल्या पिष्टाची साखर होते. चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर सगळा भोपळा टाकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही आणि तो पोटाला बाधतो.

यंदा वेल एकच लावा, पण बी चाखलेल्या भोपळ्याचं लावा.