साहेब, जेवायला कधी येणार?

भोर-वेल्ह्याकडनं ऐकणाऱ्यांना, आणि कानात इअरफोन घालून पुण्याच्या एसटीत बसलेल्यांना खास रामराम. आज बोलायचंय पोलिसांच्या मालिकांवर. पण चोर कसा पकडला यावर नाही, तर पकडून झाल्यावर साहेब जातात कुठे, यावर.

इंग्लंडमध्ये जॉन क्रीझी नावाचा लेखक होता. जे. जे. मॅरिक या टोपणनावाने त्याने १९५५ साली 'गिडिअन्स डे' ही कादंबरी लिहिली. स्कॉटलंड यार्डचा मोठा अधिकारी जॉर्ज गिडिअन हा तिचा नायक. १९५८ मध्ये जॉन फोर्डने तिच्यावर सिनेमा काढला. त्यात बायको सकाळीच बजावते, येताना मासे आणा आणि मुलीच्या कार्यक्रमाला वेळेवर पोचा. मग दिवसभर खून, दरोडे, आणि मासे राहिले बाजूला! पुढे १९६०च्या दशकात 'गिडिअन्स वे' ही २६ भागांची कृष्णधवल मालिका आली. त्यात जॉन ग्रेगसनचा गिडिअन गुन्हेगारांच्या मागे असतो, पण त्याला घर आहे, बायको आहे, पोरं आहेत. मला तो आवडतो तो यासाठीच. दुसऱ्याचं पोर हरवलं की त्याला काय वाटत असेल, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडे बघा. घरच्या मोठ्यांना विचारा, दूरदर्शनवरची 'एक शून्य शून्य' आठवते का? बी. पी. सिंह यांची मालिका, त्यात शिवाजी साटम. हीच जोडी १९९८ मध्ये 'सीआयडी' घेऊन आली. एसीपी प्रद्युम्न तर तुमच्या मीममध्ये रोज भेटतात. पण त्यांचं घर आठवतं? आठवतो तो मुलगा नकुल, गुन्हेगार झालेला, आणि त्याच्यावर गोळी झाडणारा बाप.

त्याआधी १९८३ चा 'अर्धसत्य'. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरचा. तिथे फौजदार वेलणकरला घर आहे, पण बाप आईला मारायचा ते घर. म्हणजे आपल्या पडद्यावर पोलिसाचं घर एकतर दिसत नाही, नाहीतर ती जखम असते. ताट झाकून वाट बघणारं साधं घर फार कमी.

मला वाटतं, याचं एक कारण ड्यूटीच्या तासांत आहे. बारा तासांची ड्यूटी, वर बंदोबस्त. आपल्याकडे पावसाळ्यातला रविवार आठवा. राजगड-तोरण्याला गाड्यांची रांग लागते, तुम्ही-आम्ही सुट्टीवर, आणि रेनकोट घालून रस्त्यात उभा असतो तो कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आई.

यात थोडा बदल झालाय. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये नागपूर शहर, अमरावती शहर आणि आपल्या पुणे ग्रामीण पोलिसांत महिला पोलिसांसाठी आठ तास सुरू झाले. भोर-वेल्हे पुणे ग्रामीणमध्येच येतात बरं का! जानेवारी २०२२ मध्ये पोलीस महासंचालकांनी महिलांसाठी तसा आदेश राज्यभरासाठी काढला. कारण काय दिलं? नोकरी आणि घर दोन्ही सांभाळावं लागतं. पटलं. पण घर पुरुषांनाही असतंच की! बाप रात्री घरी नसेल तर पोराचं काही बिघडत नाही, असं थोडंच आहे?

आणि हा प्रश्न त्यांच्यापुरता नाही. उद्या तुमचा मोबाईल चोरीला गेला, बहिणीला कुणी त्रास दिला, तर ठाण्यात समोर बसलेला माणूस नीट झोपलेला असावा, असं तुम्हालाच वाटेल.

तुमच्या घरात कुणी खात्यात असेल तर त्यांना विचारून, नाव न सांगता, आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. एवढंच सांगा: गेल्या आठवड्यात ते किती रात्री घरी जेवले? पुढच्या भागात तेच ऐकू. येतो!