ढगांचे प्रहर



डिसेंबर-जानेवारीत पहाटे राजगडाच्या बालेकिल्ल्यावर जे उभे राहिले आहेत, त्यांनी खालची खोरी धुक्यानं काठोकाठ भरलेली पाहिली असतील. ऊन चढलं की ते धुकं विरून जातं. त्याच खेळाचं फार मोठं रूप काश्मीरच्या हिवाळ्यात दिसतं. तिथल्या ढगांवर दोघांची सत्ता चालते. एक सूर्याची, दुसरी पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांची. आज राज्य कोणाचं आहे हे ज्याला ओळखता येतं, त्याला तिथलं आभाळ कळतं.

आधी सूर्याचं राज्य पाहू. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून 40 दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ असतो. आकाश निरभ्र असेल तर रात्रभर जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते. तिला टेकलेली उतारावरची हवा गारठते, जड होते आणि ओढ्याच्या पाण्यासारखी खाली उतरते. श्रीनगर सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे, पण भोवती डोंगरांची कड असल्यानं खोरं परातीसारखं आहे. थंड हवा त्यात साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. म्हणून पहाटे दल सरोवरावर दाट धुकं असतं, तेव्हा हजारेक मीटर वर गुलमर्गला लख्ख ऊन पडलेलं असू शकतं.

दिवस वर आला की वारा उलटतो. उन्हाकडे तोंड असलेल्या उतारांवरची हवा तापून चढू लागते. चढताना ती प्रसरण पावते आणि थंडावते. कोरडी असेल तर दर किलोमीटरला जवळजवळ 10 अंश सेल्सिअसनं. एका उंचीवर तिला आपलं बाष्प सांभाळता येत नाही आणि तिथं ढग धरतो. सकाळी स्वच्छ दिसलेलं शिखर दुपारी झाकलं जातं, ते याच कारणानं. पण हिवाळ्यातलं ऊन तिरपं, त्यात ताजं बर्फ त्यातला 80 टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवून लावतं. त्यामुळे हे ढग बहुधा दुबळेच राहतात आणि संध्याकाळी ओसरतात.

भरघोस बर्फ देणारी सत्ता दुसरी. भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात महिन्याला साधारण 4 ते 6 येतात. त्यांची दमट हवा पीर पंजालच्या डोंगररांगेला अडते आणि तिला चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. झंझावात मध्यरात्री पोचला तर बर्फ मध्यरात्री सुरू होतं, भर दुपारी पोचला तर दुपारी. तो प्रहर पाहून येत नाही.

तरीही सूर्य पुरता बेदखल होत नाही, ही यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. ढगाचा माथासुद्धा जमिनीसारखा आकाशाकडे उष्णता सोडत असतो. दिवसा ऊन ती थोडीफार भरून काढतं, रात्री भरपाई करणारं कोणी नसतं. माथा थंड होतो आणि ढगाला नवं बळ मिळतं. ढगातलं पाणी शून्याखाली गेलं म्हणून लगेच गोठत नाही. उणे 10, उणे 15 अंशांनाही असंख्य थेंब पातळच असतात. त्यांच्यात हिमकण तयार झाले, की ते थेंबांचं बाष्प ओढून घेत वाढतात आणि जड होऊन खाली येतात. दिवसरात्रीचा फरक अंगणात तर साध्या डोळ्यांनी दिसतो. एकाच झंझावातात दुपारी जिथं पाऊस पडत होता, तिथं रात्री बर्फ साचतं, कारण बर्फाची रेषा डोंगरावरून खाली सरकलेली असते.

हे बर्फ म्हणजे झेलम आणि चिनाबचं उन्हाळ्यातलं पाणी. आपली तरुण मंडळीही हल्ली हिवाळी ट्रेकला हिमालयात जातात. त्यांना मी एवढंच सांगेन, की सत्तांतराची वेळ ओळखा. झंझावात सरतो, आभाळ निळंशार होतं आणि सगळ्यांना वाटतं, आता धोका टळला. पण उतारांवर नवं बर्फ अजून नीट बसलेलं नसतं, आणि तेवढ्यात त्यावर ऊन तापू लागतं. हिमस्खलनाची मोठी भीती असते ती अशाच वेळी. त्या दिवशी आकाश कितीही मोकळं दिसलं, तरी उताराखालून जाऊ नका.