सरासरीच्या माथ्यावरील रेघ

(शताब्दी महोत्सवात दिलेले भाषण)



शताब्दीच्या व्यासपीठावरून मराठीच्या प्राध्यापकाने स्तंभालेखाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शब्दाप्रमाणे आकडाही वाचावा लागतो, आणि ते वाचन चुकले तर त्याची किंमत बहुधा शेतकऱ्याला मोजावी लागते.

आपला सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख संत्र्यांचा. कल्पनेने दोन बागा घेऊ. पहिलीतील पाच झाडांना ४८०, ४९०, ५००, ५१०, ५२० फळे आली. दुसरीतील पाच झाडांना १००, ३००, ५००, ७००, ९००. सरासरी दोन्हींची ५००. स्तंभ काढले तर दोन्ही सारख्याच उंचीचे. प्रमाण विचलन मात्र पहिलीचे सुमारे १६, दुसरीचे ३१६. स्तंभाच्या माथ्यापासून वर आणि खाली तेवढ्या लांबीची रेघ ओढली की झाकलेला फरक उघड होतो. हीच ती त्रुटिदर्शक रेघ.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकात घडविलेल्या ‘आर’ या विनामूल्य संगणकीय भाषेत हे काम घडीभराचे आहे. गंमत अशी की, तिच्या मूळ संचात अशा रेघेसाठी स्वतंत्र आज्ञा नाही. ‘बारप्लॉट’ ही आज्ञा स्तंभ काढते व प्रत्येकाचा मध्य कोठे आहे ते सांगते. त्या मध्यावर ‘ॲरोज’ या आज्ञेने दुतोंडी बाण काढून टोकांचा कोन ९० अंश ठेवला की बाणाची टोके सपाट होतात. उभ्या अक्षाची मर्यादा आधीच वाढवून ठेवावी. अन्यथा रेघ वरून छाटली जाते.

मात्र रेघ कशाची काढावी, हे यंत्र ठरवीत नाही. प्रमाण विचलन झाडाझाडांतील फरक सांगते, तर प्रमाण त्रुटी ही सरासरी कितपत भरवशाची आहे ते सांगते. दुसऱ्या बागेत पहिले ३१६, दुसरी केवळ १४१. आलेख देखणा दिसावा म्हणून आखूड रेघ काढून तिचे नाव न लिहिणे, ही वाचकाची फसवणूकच होय.

याहून खोल धडा आपल्याच मराठी माणसाने दिला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीक कापणी प्रयोगांचा अभ्यास केला. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असेल, तर सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी दाखविले. असे हजार तुकडे कापले तरी चूक एकाच दिशेची राहते. रेघ आखूड होत जाते आणि सरासरी खोटीच राहते. पीकविम्याच्या भरपाईत अशा प्रयोगांना मोठे स्थान आहे. उत्पन्न फुगले की भरपाई आटते.

म्हणून आलेख पाहताना तीन प्रश्न विचारावेत: रेघ आहे काय, ती कशाची आहे, आणि मोजणी कशी झाली? चिकित्सक वाचनाचा संस्कार या ग्रंथालयाने शंभर वर्षे जपला. तो आकड्यांनाही लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.