पिंजरा, प्राणी आणि पाहणारे



राजुऱ्याच्या माणसाला वाघाचे नवल नाही, धाक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राजुऱ्याच्या जंगलात जो वाघ पकडला, त्याने दोन वर्षांत आठ माणसे मारली होती. त्याला नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात नेले. तेथे प्रेक्षकांना प्रवेश नाही. त्याच गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ रोजी प्राणिसंग्रहालय मात्र लोकांसाठी खुले झाले. शाळेची सहल तिकडे नेणाऱ्या गुरुजींशी आज थोडे बोलायचे आहे.

सहलीतल्या मुलाला काय हवे असते? वाघ, बिबट्या, अस्वल, मोर, सारे एका दिवसात. आणि तेही अगदी जवळून. शिवाय प्यायला पाणी, बसायला सावली, मुलींसाठी स्वच्छ संडास. यात गैर काहीच नाही. पण जागा तेवढीच आणि पैसाही तेवढाच. नवा प्राणी आणला की त्याला आवार हवे, रात्रीची खोली हवी, रोजचा चारा किंवा मांस हवे, राखणदार आणि डॉक्टर हवा. नुसती जातींची संख्या वाढवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला कोंडवाडाच येतो.

यावर जर्मनीत हागेनबेक यांनी १९०७ साली हँबुर्ग येथे तोड काढली. गजांऐवजी मध्ये खंदक ठेवला. प्राण्याला मोकळीक मिळाली, पाहणाऱ्याची नजरही अडेना.

आपल्याकडे दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात. नागपूर शहरातल्या जुन्या महाराजबागेत पायी फिरता फिरता कितीतरी प्राणी दिसतात. गोरेवाड्याच्या सफारीत जाती थोड्या, आवारे मोठी; माणसे गाडीत बंद आणि प्राणी मोकळे. तेथे वाघ झुडपाआड निजला, तर दिसायचा नाही! मुले हिरमुसतात, पैसे फुकट गेले असे वाटते. पण लपायला जागा असणे हेच त्या वाघाचे सुख, हे तेव्हाच मुलांना सांगावे.

सोयी मात्र कमी नकोत, बरं का. तहानलेले मूल काही शिकत नाही. पाणी, सावली, संडास आधी; खेळणी, खाऊची दुकाने मागाहून. प्राण्यांनाही उसंत हवी, म्हणून आठवड्यातून एक दिवस संग्रहालय बंद ठेवावे, असा नियमच आहे. सहलीचा वार ठरवताना तेवढे विचारून घ्यावे.

परतताना मुलांना “किती प्राणी पाहिले?” असे विचारू नका. “एक प्राणी नीट पाहिलात, तो काय करीत होता?” असे विचारा. ज्यांना उद्या रानाच्या कडेलाच शेती करायची आहे, त्यांना जनावराची चाल ओळखता येणे अधिक मोलाचे आहे.