ड्यूररचा चिलखती स्वार

सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहर चिलखते घडविणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध होते. आल्ब्रेख्ट ड्यूरर या चित्रकाराचा जन्म १४७१ मध्ये त्याच शहरी एका सोनाराच्या घरी झाला. धातूवर कोरणी चालविण्याची विद्या त्याला प्रथम वडिलांच्या दुकानात मिळाली. पुढे १५१३ मध्ये त्याने तांब्याच्या पत्र्यावर जो चिलखती स्वार कोरला, तो या दोन्ही धंद्यांचा ऋणी आहे.

चित्र जेमतेम वीतभर उंचीचे. अरुंद, अंधाऱ्या घळीतून एक योद्धा घोड्यावरून डावीकडे चालला आहे. शेजारी मरतुकड्या घोड्यावर बसून, मुकुटाभोवती साप गुंडाळलेला मृत्यू त्याला वाळूचे घड्याळ दाखवीत आहे. मागे डुकराच्या मुस्कटाचा सैतान उभा आहे. असा प्रसंग कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मग तो खरा का वाटतो?

त्याचे कारण चित्राच्या जन्मकथेत आहे. हे चित्र कोरण्यापूर्वी पंधरा वर्षे, म्हणजे १४९८ मध्ये, ड्यूररने एका शस्त्रसज्ज स्वाराचे रंगीत रेखाटन केले होते. ते आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्या काळी जर्मनीत चिलखत असे होते, अशी नोंदही त्याने त्यावर करून ठेवली. कल्पनेतल्या योद्ध्याने अंगावर घातले ते हेच पाहिलेले, तपासलेले चिलखत. घोड्याच्या प्रमाणांचा नादही त्याला जुनाच. १५०५ मध्ये त्याने दोन निरनिराळे घोडे कोरले होते. प्रस्तुत चित्राची पूर्वतयारी मिलानच्या अँब्रोझियाना ग्रंथालयातील कागदावर दिसते. कागदाच्या एका बाजूची आकृती दुसऱ्या बाजूस उतरवून घेऊन तो तीवर पुन्हा काम करीत राहिला.

तेव्हा आधी घोडा, तोही मोजूनमापून; मग त्यावर बसलेले शरीर; आणि चिलखत त्यानंतर. नवशिका बहुधा उलटा जातो. तो पत्रे, खिळे आणि नक्षी यांतच रमतो, आणि शेवटी योद्ध्याऐवजी उभी केलेली रिकामी पेटी हाती येते. पोलाद वाकत नाही. वाकतो तो आतला कोपर, आतला गुडघा. म्हणूनच खरा लोहार सांध्यांच्या जागी एकावर एक सरकणारे अरुंद पत्रे बसवितो. चित्रकाराला हे सांधे कोठे आहेत हे ठाऊक नसेल, तर त्याचा वीर घोड्यावर चढणारच कसा?

मग येते चकाकी. कोरीव चित्रात पांढरा रंग नसतोच. कोरणीने पाडलेल्या चरांत शाई भरतात, वरचा पत्रा पुसून घेतात आणि ओला कागद त्यावर दाबतात. जेथे कोरणी फिरली नाही तेथे कागद कोराच राहतो. पोलादावरचा झगझगीत प्रकाश म्हणजे असा न कोरलेला भाग, आणि त्याला लागूनच दाट, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचा काळोख. घोड्याच्या कातडीवर मात्र बारीक रेषा स्नायूंच्या गोलाईबरोबर वळत जातात. तेथे उजेड हळूहळू मावळतो. दोहोंची शाई एकच, पण एक पोलाद आणि दुसरे सजीव अंग, हे डोळ्याला तत्काळ कळते. चिलखताची लकाकी आणि काळ्या घोड्याच्या अंगावरचे तेज यांची वाखाणणी इटालियन चरित्रकार व्हासारी यानेही केली आहे. शिवाय छाप उलटी उमटते. कागदावर डावीकडे निघालेला स्वार पत्र्यावर उजवीकडे तोंड करून कोरावा लागतो. खोल गेलेली रेघ तेथे सहजासहजी पुसताही येत नाही.

सैतान आणि मृत्यू यांच्या वाट्याला ड्यूररने विस्कटलेले केस, सुरकुत्या आणि फाटक्या कडा दिल्या. योद्ध्याच्या वाट्याला स्वच्छ, सलग कडा आल्या. शिरस्त्राणाचे मुखावरण वर सरकविलेले असल्याने त्याचा चेहरा दिसतो. तो ना वाळूच्या घड्याळाकडे पाहतो, ना मागे. घोड्याच्या पायांशी एक कुत्रा धावतो आहे, आणि पुढे वाटेवर एक कवटी पडली आहे. तिच्याजवळच्या छोट्या पाटीवर ड्यूररने आपली अक्षरे आणि १५१३ हे वर्ष कोरले आहे.