नकाराचा श्वास



बदलापूरजवळचं जांभूळ गाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे ते पाण्यामुळे. एमआयडीसीचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र तिथं आहे. पण आज मी पाण्याबद्दल नाही, हवेबद्दल बोलणार आहे. आपण छातीत घेतो त्या हवेबद्दल.

जांभूळसारख्या कुठल्याही गावात संध्याकाळी मैदानावर जा. पोरं कबड्डीसाठी गडी वाटून घेत असतात. दोन्ही कप्तान एकेकाला मागून घेतात आणि शेवटी एकजण उरतो. ‘तू बस रे’ असं कुणीतरी म्हणतं. तो हसतो, ‘मला खेळायचंच नव्हतं’ म्हणतो. चेहरा त्याने सांभाळलेला असतो, पण जरा सदऱ्याकडे पाहा. पोट हलायचं थांबलंय, खांदे वर चढलेत, श्वास गळ्याच्या हाडांपाशीच घुटमळतोय. चढाई करणाऱ्याला एका दमात खेळावं लागतं, तो खेळाचा नियम. याला कुणी सांगितलेलं नाही, तरी यानेही दम धरलेला असतो. आणि मग एक लांब सुस्कारा.

असं का होतं? श्वासाची लय मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका केंद्रात ठरते, आपण झोपलो तरी. पण भीती, दुःख, अपमान यांची दखल घेणारे मेंदूचे भाग या केंद्राशी जोडलेले आहेत. त्यामुळे मन दुखावलं की लय आपल्याला न विचारता बदलते. श्वास उथळ आणि भरभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. सुस्कारासुद्धा उगाच नसतो. नेहमीच्या दुप्पट हवा आत घेऊन तो फुप्फुसातल्या मिटलेल्या वायुकोशांना पुन्हा उघडतो. एरवीही आपण तासाला कितीतरी सुस्कारे टाकतो, आपल्या ध्यानात येत नाही इतकंच. मन भरून आलं की ते वाढतात.

2003 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. संगणकावरच्या साध्या चेंडूफेकीत माणसाला हळूच वगळलं आणि त्याच वेळी त्याचा मेंदू तपासला. शरीराला दुखापत झाल्यावर जो भाग जागा होतो, तो इथंही जागा झालेला दिसला. चेंडू खोटा होता, वगळलं गेल्याची कळ खरी होती.

खेळातली कळ थोड्या वेळाने ओसरते. पण अख्ख्या गावाने नाकारलं तर? 1893 च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं. त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना थारा दिला तर घरच्यांचीही धडगत नव्हती. वाळीत टाकलेल्या घराला नकार एकदाच मिळत नाही. पाणवठ्यावर मिळतो, दुकानात मिळतो, लग्नात मिळतो, मयतीला खांदा द्यायला चार माणसं लागतात तेव्हाही मिळतो. सावध राहायची सवय लागलेली छाती मग मोकळी व्हायचंच विसरते.

यावर उपाय म्हणून आपण चटकन प्राणायाम सुचवतो. तो खोटा नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती उतरते, घाबरलेल्याला तेवढा आधार मिळतो. पण ज्याला बाहेर बसवलं त्यालाच ‘दीर्घ श्वास घे’ म्हणणं म्हणजे दुखणं एकाचं, औषधही त्यालाच, आणि मारणारा नामानिराळा.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने 2016 मध्ये मंजूर केला. जुलै 2017 पासून तो लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार पोलिसांकडे करता येते, थेट दंडाधिकाऱ्यांकडेही. अडचण अशी की ज्याने ती करायची त्याला चार ओळी सांगतानाही धाप लागत असते. म्हणून असं घर तुमच्या माहितीत असेल, तर कागद-पेन घेऊन तिथं जा, शेजारी बसा, त्याला सावकाश बोलू द्या आणि अर्ज लिहून काढा. पोलीस ठाण्यातही सोबत जा.